कॉलेजचं सुरक्षा धोरण: आधी फेरी, मग सराव, कागद शेवटी

मे महिना अर्धा झाला की किनारपट्टीतल्या कॉलेजांमधून फोन सुरू होतात. "सर, सुरक्षा धोरणाचा एखादा नमुना असेल तर पाठवा ना, फायलीला लावायचाय." पूर्वी मी पाठवायचो. पुढे एका कॉलेजात पाहणीला गेलो, तर तोच नमुना नाव बदलून फायलीत लावलेला. लिफ्ट बंद पडली तर काय करावं यावर त्यात अख्खं पान होतं. कॉलेज बैठं, कौलारू, लिफ्ट नाहीच. इमारतीच्या मागे वहाळ, पावसाळ्यात दोन वेळा तरी ग्रंथालयाच्या पायरीला पाणी लागतं. वहाळाबद्दल मात्र एक ओळ नव्हती. त्या दिवसापासून नमुना पाठवणं बंद केलं.

चूक होते ती क्रमात. आधी धोरण लिहितात, मग एखाद्या अधिकाऱ्यांचं व्याख्यान ठेवतात, फोटो काढतात आणि आवाराची फेरी राहूनच जाते. खाली दिलेला क्रम नेमका उलटा आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात हात घातला तर जुलैअखेर सगळं पुरं होतं.

टप्पा १: आवाराच्या तीन फेऱ्या

पहिली फेरी दिवसा, दुसरी रात्री आठनंतर, तिसरी पहिल्या जोरदार पावसात. तिन्हींची गरज आहे, कारण तिन्ही वेळी वेगळी जागा दिसते.

सोबत कोणाला घ्यायचं हे महत्त्वाचं. प्राचार्य किंवा उपप्राचार्य हवेतच. त्यांच्याबरोबर सर्वांत जुना शिपाई, रात्रपाळीचा वॉचमन, प्रयोगशाळा परिचर, हॉस्टेलमधली एक मुलगी आणि एसटीने येणारा एक विद्यार्थी. कुठली खिडकी लागत नाही, कुठल्या भिंतीतून पाणी झिरपतं हे शिपायाला ठाऊक असतं. हॉस्टेल आणि मेसच्या मधली अंधारी पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, मुलगीच दाखवते. ती प्राध्यापकांच्या रोजच्या वाटेवर येत नाही.

दिवसाच्या फेरीत पाहायचं ते असं. इमारतीमागची दरड: वर तडे गेलेत का, झाडं वाकलीत का, पूर्वी नव्हता तिथे झरा फुटलाय का. झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं तर ते वाईट लक्षण समजा आणि तहसील कार्यालयाला त्याच दिवशी कळवा. जांभ्याचे गडगे, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणभिंती: दगड सुटलेत का, फटींत पाला साचलाय का. फुरसं हा विषारी साप अशाच जागी बसतो. आवारातली विहीर: कठडा कमरेच्या वर आहे का, जाळी आहे का. जुनी झाडं, त्यांच्या फांद्यांतून जाणाऱ्या विजेच्या तारा, गंजलेले पत्रे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ जमिनीवर आलं तेव्हा पत्रे, कौलं आणि माड कसे उडाले हे रायगडच्या आणि उत्तर रत्नागिरीच्या लोकांना सांगायला नको.

आग विझवायचे सिलिंडर नुसते मोजू नका. प्रत्येकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिन आणि सील जागेवर आहे का, भरल्याची तारीख काय, हे एकेक हातात घेऊन बघा. खारं वारं इथे नळकांडं बुडातून खातं, म्हणून तळही पाहा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून नमुना 'ब' मधलं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. जुलैचं बहुतेकांकडून राहतं. प्रवेशाच्या गडबडीत विसरतं, दुसरं काही कारण नसतं.

रात्रीच्या फेरीत दिवे मोजा, आणि मोबाईलची रेंज कुठे जाते त्या जागा नकाशावर फुलीने दाखवा. सीसीटीव्हीचं घड्याळ बरोबर आहे का, लाईट गेल्यावर तो चालतो का, रेकॉर्डिंग किती दिवस राहतं आणि पासवर्ड ऑपरेटरखेरीज कोणाकडे आहे, हेही तेव्हाच तपासा.

सावधान: खिडकीला पक्की लोखंडी जाळी आणि खोलीला एकच दार, अशी प्रत्येक खोली वहीत वेगळी लिहा. हॉस्टेलमध्ये अशा खोल्या हमखास सापडतात. निदान एका खिडकीची जाळी आतून उघडणारी करून घ्या. हे काम पैसे आल्यावर करायचं नाही, मुली राहायला यायच्या आधी करायचं.

टप्पा २: प्रत्येक कामाला माणूस, आणि तो नसेल तेव्हाचा माणूस

धोरणात "प्राचार्य निर्णय घेतील" असं लिहिलेलं असतं. प्राचार्य मुंबईला विद्यापीठाच्या बैठकीला गेलेले असतात. म्हणून प्रत्येक कामापुढे तीन नावं लिहा: पहिला, तो नसेल तर दुसरा, दोघंही नसतील तर तिसरा. तिघं एकाच गावातून एकाच गाडीने येणारे नसावेत. रस्ता बंद झाला तर तिघंही अडकतात.

कामं फार नाहीत. सुट्टीचा किंवा थांबवून ठेवण्याचा निर्णय, घंटा, गॅस आणि मेन स्विच बंद करणं, फाटकं उघडणं, हजेरी, प्रथमोपचार, पालकांशी बोलणं, पोलीस आणि तहसीलशी बोलणं. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी मात्र प्रत्येकामागे दोन मुलं नेमा, त्याच वर्गातली, त्याला विचारून.

याच टप्प्यावर कायद्याने लागणाऱ्या समित्या नीट लावून घ्या. अंतर्गत तक्रार समितीत सर्वाधिक चुका होतात. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आणि त्यावर आधारलेले यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१५ चे विनियम एकत्र वाचा. अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला, एक बाहेरची सदस्य, आणि प्रकरणात विद्यार्थी असतील तेव्हा निवडून आलेले विद्यार्थी प्रतिनिधी. विभागप्रमुख, अधिष्ठाता अशी वरिष्ठ प्रशासकीय पदं सांभाळणारी माणसं या समितीत बसू शकत नाहीत, तरी मी पाहिलेल्या निम्म्या फलकांवर प्राचार्यांचं नाव पहिलं होतं. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची, समितीला कारण पटलं तर मुदत आणखी तीन महिने वाढते, चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. हे आकडे फलकावर मोठ्या अक्षरात हवेत.

रॅगिंगविरोधी समिती आणि पथक हे यूजीसीच्या २००९ च्या विनियमांप्रमाणे वेगळं असतं. विद्यार्थी आणि पालक दोघांचं प्रतिज्ञापत्र घ्या, आणि १८००-१८०-५५२२ हा क्रमांक हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर लावा.

तपासा: तक्रारपेटी कुठे टांगली आहे? एका कॉलेजात ती प्राचार्यांच्या केबिनसमोर, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली होती. तीन वर्षांत एकही चिठ्ठी आली नाही म्हणून सगळे समाधानी होते. पेटी मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर हलवली आणि त्याच महिन्यात चार चिठ्ठ्या निघाल्या.

टप्पा ३: लाल इशाऱ्याच्या दिवशी काय करायचं, ते उन्हात ठरवा

कोकणातल्या कॉलेजचा सर्वांत अवघड प्रश्न हा आहे, आणि धोरणांत तो एका वाक्यात उरकलेला असतो: "अतिवृष्टी झाल्यास विद्यार्थ्यांना सोडून देण्यात येईल." हे वाक्य खोडून टाका.

सोडून देणं म्हणजे सुरक्षित पोचवणं असं समजण्यातच खरा धोका आहे. दुपारी एकला घंटा झाली, मुलं स्टँडवर गेली. वस्तीच्या गाड्या रद्द झाल्या. काही मुलं वडापच्या जीपमधून निघाली, पुढे साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून, पाणी. काही चालत निघाली. घरी फोन लागत नाही, टॉवर बंद. कॉलेजात तोवर कुलूप. वर्गात बसलेला मुलगा कोरडा आणि मोजलेला असतो. तोच वाटेत अडकला की कोणाच्याच यादीत नसतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात घुसलं आणि त्याच दिवशी महाड तालुक्यात तळीये गावावर दरड कोसळली. अशा दिवशी रस्त्यावर किती मुलं आहेत हे आपल्याला ठाऊक असायलाच हवं.

म्हणून प्रवेशाच्या वेळीच मार्गनिहाय वही करा. विद्यार्थ्याचं गाव आणि वाडी, कुठल्या गाडीने येतो, वाटेत नदी, साकव किंवा घाट कुठला, त्या वाटेवरच्या दुकानदाराचा किंवा पोलीस पाटलांचा फोन, आणि शहरात रात्र काढायला नातेवाईक आहेत का. एका मार्गाला एक पान पुरतं. वही कागदाचीच ठेवा. चार तास लाईट नसेल तेव्हा संगणकातली यादी उघडत नाही.

मग निर्णयाचे तीन पर्याय लिहा.

पहिला: आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा लाल इशारा आला, म्हणजे चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पाऊस होण्याची शक्यता. जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी दिली तर प्रश्न मिटला. नसेल दिली, तर दुर्गम वाटांवरच्या मुलांची हजेरी माफ आहे असा निरोप रात्री आठच्या आत जायला हवा. सकाळी सात वाजता निरोप पाठवून उपयोग नाही. पहिली गाडी साडेपाचला निघालेली असते.

दुसरा: मुलं आली आणि नंतर पाऊस वाढला. तेव्हा मार्गनिहाय सोडायचं. ज्या वाटेवर फोन करून रस्ता मोकळा असल्याचं कळलं आणि गाडी प्रत्यक्ष उभी आहे, त्या वाटेची मुलं सोडा. बाकीची थांबवा.

तिसरा: मुक्काम. पहिल्या मजल्यावरचे दोन वर्ग, मुली आणि मुलं वेगळी, निदान एक शिक्षिका सोबत, पिण्याचं पाणी, पोहे, बिस्किटं, सतरंज्या, बॅटऱ्या, सॅनिटरी पॅड, नेहमीच्या गोळ्या. हा साठा जून उजाडण्याआधी भरा. तळमजल्यावरच्या कपाटात ठेवू नका, पहिलं पाणी तिथेच शिरतं.

सावधान: उधाणाच्या भरतीत नदीचं पाणी समुद्रात उतरत नाही, मागे तुंबतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठा पाऊस असेल तर खाडीकाठच्या कॉलेजांनी दुसरा पर्याय भरतीची वेळ पाहूनच वापरावा.

टप्पा ४: प्रशिक्षण शिपाई आणि वॉचमनपासून

सभागृहात चारशे मुलं बसवून दोन तासांचं भाषण केलं की कोणाच्याही हाताला काही लागत नाही. गट वीसचे, वेळ चाळीस मिनिटं, आणि प्रत्येकाने स्वतः करून पाहायचं.

सुरुवात शिपाई, वॉचमन, परिचर, मेसच्या स्वयंपाकीण मावशी आणि सफाई कामगार यांच्यापासून. घटना घडते तेव्हा जागेवर हीच माणसं असतात. वॉचमन एजन्सीचे असतील तर एजन्सीकडे खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) कायदा, २००५ चा परवाना आहे का पाहा, आणि माणूस बदलला की नव्याला पहिल्याच दिवशी फेरी मारून दाखवा. त्यांच्यानंतर प्राध्यापक, सर्वांत शेवटी विद्यार्थी. पण प्रथम वर्षाची मुलं पहिल्या पंधरवड्यातच.

आगीचा सिलिंडर: पिन ओढा, नळी ज्वाळांच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. मुदत संपत आलेले सिलिंडर भरायला द्यायच्या आधी मैदानात याच सरावासाठी वापरा, वेगळा खर्च येत नाही. विजेच्या आगीवर पाणी नाही. आणि पाठीमागे बाहेर पडायची वाट असेल तरच आगीपुढे उभं राहायचं.

साप: फुरसं, घोणस, मण्यार, नाग चारही विषारी इथे आहेत. चावल्यावर माणसाला आडवं करा, चालू देऊ नका. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा. हात किंवा पाय मोडल्यावर बांधतो तसा फळीला धरून स्थिर करा. दोरीने करकचून आवळणं, चिरणं, चोखणं, मांत्रिकाकडे नेणं यांतलं काहीही करायचं नाही. सापामागे धावू नका. १०८ ला फोन करा आणि त्याच वेळी दवाखान्यालाही: प्रतिसर्पविष लस आत्ता शिल्लक आहे का? नसेल तर सरळ पुढच्या रुग्णालयात. हा प्रश्न जूनमध्ये एकदा विचारून उत्तर फलकावर लिहून ठेवा, आणि दर महिन्याला पुन्हा विचारा.

वीज: कोकणात मे आणि ऑक्टोबरच्या दुपारी मैदानावर मुलं असतात, आणि तेव्हाच गडगडतं. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर सगळे इमारतीत. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर नाही. झाडाखाली आसरा नाही. क्रीडा शिक्षक आणि एनसीसीच्या अधिकाऱ्यांच्या फोनवर विजेचा इशारा देणारं दामिनी अॅप असावं.

फोन: ११२ सगळ्यांना पाठ असतो, पण काय बोलायचं ते नाही. प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घ्या: कॉलेजचं नाव, गाव, तालुका, जवळची खूण, काय झालं, किती जखमी, कुठल्या फाटकाने यायचं. तालुका सांगायला बहुतेक जण विसरतात. एकाच नावाची गावं आपल्याकडे कमी नाहीत. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७, ऑनलाइन फसवणुकीचा १९३० आणि मानसिक आधाराचा १४४१६ हे क्रमांकही याच पाठात.

टप्पा ५: सराव, तोही गैरसोयीच्या वेळी

पहिला सराव सांगून घ्या, दुसरा फक्त आठवडा सांगून, तिसरा न सांगता. न सांगता घ्यायच्या सरावाची कल्पना पोलीस ठाण्याला आणि रुग्णालयाला मात्र द्यायचीच.

एका कॉलेजातला जुलैचा सराव मी विसरलेलो नाही. अकरा वाजता घंटा द्यायची ठरली. लाईट नव्हती, घंटा विजेची, वाजलीच नाही. शिपाई वर्गावर्गात धावत गेला. मुलं मागच्या जिन्याने उतरली तर मागचं फाटक बंद, किल्ली ज्याच्या खिशात तो बँकेत चलन भरायला गेलेला. जमायची जागा ठरली होती जुन्या आंब्याखाली, आणि वारा सुटला होता. शेवटचं मूल मोजायला एकोणीस मिनिटं लागली, तरी दोन मुलींचा हिशेब लागेना. त्या स्वच्छतागृहात होत्या. तिथे आवाज पोचलाच नव्हता. खरी आग असती तर काय झालं असतं, हा विचार त्या रात्री मला झोपू देईना.

त्यानंतर तिथे पितळी घंटा आणि बॅटरीचा भोंगा आला, किल्लीच्या तीन प्रती झाल्या, जमायची जागा झाड, तार आणि गडगा यांपासून दूर सरकली, आणि मजल्यावरच्या शेवटच्या माणसाने स्वच्छतागृह तपासूनच उतरायचं असा नियम झाला. सप्टेंबरमध्ये सहा मिनिटं लागली.

सरावात तीन निरीक्षक हातात घड्याळ आणि वही घेऊन उभे करा: जिन्यावर, फाटकावर, जमायच्या जागेवर. संपल्यावर अर्ध्या तासात सगळ्यांना बसवा, शिपायांनाही, आणि काय अडलं ते विचारा. प्रत्येक अडचणीपुढे दुरुस्ती, माणूस आणि तारीख.

सावधान: बंदूकधारी शिरल्याची नाटकं विद्यार्थ्यांना न सांगता करू नका. घाबरून पळापळीत हातपाय मोडतात. तसा सराव घ्यायचाच असेल तर पोलिसांच्या देखरेखीखाली, सगळ्यांना आधी सांगून.

टप्पा ६: सहल आणि क्षेत्रभेट

आवाराबाहेरची दुर्घटना जास्त जीवघेणी ठरते. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात कोसळली, तिसाहून अधिक माणसं गेली.

जूनपासून ऑगस्टअखेर घाट आणि धबधब्यांच्या सहली काढायच्याच नाहीत. किनाऱ्यावर जायचं असेल तर तारीख ठरवण्याआधी तिथी पाहा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. ओहोटी साधारण सहा तासांनी. हा हिशेब नियोजनापुरता. प्रत्यक्ष गेल्यावर तिथल्या मच्छीमारांना विचारा की पाणी कुठे ओढतं, आणि त्यांनी नको म्हटलं की विषय संपला.

पाण्यात घोट्यापर्यंतच. पंधरा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, तो पाण्याकडे तोंड करून कोरड्यात उभा. दर वीस मिनिटांनी शिट्टी आणि मोजणी. कोणी ओढला गेला तर एकामागून एक उडी मारायची नाही: रिकामा कॅन, दोर, टायर, जे तरंगेल ते फेका आणि तटरक्षक दलाच्या १५५४ वर फोन करा. ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे न झगडता किनाऱ्याला समांतर सरकावं, हे मुलांना बसमध्येच सांगा. वाळूवर उतरली की कोणी ऐकत नाही.

टप्पा ७: आता कागद

इतकं झालं की धोरण जवळजवळ लिहिलेलं असतं. आठ-दहा पानं पुरतात. पहिलं पान भिंतीवर लावता येईल असं: घंटेचे इशारे, जमायची जागा, नावं, फोन. मग लाल इशाऱ्याचे तीन पर्याय, समित्या, सहलीचे नियम, आवाराचा नकाशा, सरावाच्या नोंदी. भाषा अशी हवी की मेसच्या मावशींना वाचून कळेल. इंग्रजी प्रत लागत असेल तर ती नंतर करा.

महाविद्यालय विकास समितीपुढे धोरण ठेवताना टप्पा १ ची वही आणि खर्चाचा अंदाज सोबत जोडा. दुरुस्तीला पैसे मंजूर न होता धोरणच मंजूर झालं तर जाळी तशीच राहते.

मोठी घटना किंवा सराव झाला की पंधरा दिवसांत बदल करा, नाहीतर दर वर्षी मेमध्ये. समन्वयक बदलला की फाईल आणि किल्ल्यांचा जुडगा एकाच दिवशी द्यायचा. नव्या माणसाने मागचं फाटक स्वतः उघडून पाहावं, विजेची घंटा बंद करून पितळी घंटा वाजवून पाहावी, आणि मगच ताबापावतीवर सही करावी.